पट्टीखालची ओळ

प्रिय भिंगरी,

तुझा निरोप काल दुपारी मिळाला. सोबत नऊ फोटो, म्हणजे वॉरंटीच्या कागदाची नऊ पानं, त्यातलं चौथं आडवं. मान वाकडी करून वाचलं. एरवी तुझं जे काही येतं ते आईच्या फोनवर येतं आणि मग तिच्या तोंडून मला कळतं. हे थेट माझ्या फोनवर आलं, तेव्हा म्हटलं कुणाचं काही बरंवाईट झालं की काय. मग चष्मा लावला. सेकंडहँड गाडी बघितली आहेस, पाच वर्षं जुनी, पांढरी, एका हाती वापरलेली. विकणारा म्हणतो, वाढीव वॉरंटी घ्यायची तर शनिवारपर्यंत सांगा, नंतर मिळणार नाही. तर घ्यावी का? 'तुम्हाला त्यातलं कळतं म्हणून विचारते.' आणि त्याच्याखाली आणखी एक वाक्य. ते मी आत्ता इथे लिहीत नाही, शेवटी लिहीन. खरं तर हे सगळं पत्र त्या एका वाक्याचंच उत्तर आहे, पण पहिल्याच पानावर तिथे हात घालायची माझी हिंमत नाही.

'तुम्हाला' म्हणे. लहानपणी 'ए बाबा' करत पाठीवर चढायचीस, घरभर गरगरत फिरायचीस म्हणून तर भिंगरी नाव पडलं. कॉलेजात गेलीस तरी 'अरे बाबा, तुला काही कळत नाही' हे दिवसातून दोनदा ऐकल्याशिवाय मला जेवण जायचं नाही. सहा वर्षांपूर्वीच्या एका फोननंतर मी 'तुम्ही' झालो. बघणाऱ्यांना वाटतं, काय पोरीला वळण लावलंय, वडिलांशी कसं आदराने बोलते. आदर कसला डोंबलाचा! घरमालकाशी बोलावं तशी बोलतेस. मी एका शब्दाने कधी विचारलं नाही. विचारायला तोंड होतं कुठे?

फोन करून दोन मिनिटांत सांगता आलं असतं, ते तुझी आईही म्हणाली. पण फोन कानाला लावला की माझा आवाज साहेबाचा होतो. एकतीस वर्षं लोकांना 'नाही' म्हणण्यात गेली, त्याचा घट्टा गळ्याला पडलाय. म्हणून लिहितोय. जेवणाच्या टेबलावर बसलोय, समोर तुझी आई पडद्याची उसवलेली शिवण घालतेय आणि मधूनमधून चष्म्यावरून माझ्याकडे बघतेय. किती पानं झाली ते मोजत असणार. आज सोमवार. कुरियरवाला म्हणाला गुरुवारी नक्की पोचेल. म्हणजे शनिवारच्या आत तुझ्या हातात पडेल.

आधी गाडीचं सांगतो, ते सोपं आहे. 'एका हाती वापरलेली' यावर जाऊ नकोस. जुन्या गाड्या विकणाऱ्यांकडे सगळ्याच गाड्या एका हाती वापरलेल्या असतात, आणि तो हात नेहमी एखाद्या निवृत्त माणसाचा असतो जो फक्त रविवारी गाडी काढायचा. मी निवृत्त माणूस आहे, मी रोज काढतो. गाडी बघायला जाशील तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज, तू यायच्या आधी इंजिन चालवून ठेवलंय, थंड इंजिनचा आवाज तुला ऐकू द्यायचा नाहीये. मुकाट्याने परत ये आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा. तेलाचं झाकण उघडून आतून बघ, दुधाळ चिकट काही दिसलं तर तेलात पाणी शिरलंय, तिथूनच नमस्कार कर. डिकीतली चटई उचलून खाली गंज किंवा जोडकाम आहे का ते बघ. आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघ. मीटर खोटं बोलेल, रबर बोलत नाही. मीटर म्हणतं चाळीस हजार आणि रबर झिजून गुळगुळीत, तर रबराचं ऐक.

आणि तुझ्या गल्लीच्या तोंडाशी तो तिरसट मेकॅनिक आहे ना, गिऱ्हाइकाशी भांडल्याशिवाय जो बॉनेट उघडत नाही, त्याला सोबत घेऊन जा. त्याचा अर्धा दिवस जाईल, त्याचे पैसे दे, वर चहा पाज. विकणाऱ्याच्या ओळखीचा मेकॅनिक नको. चोराच्या घराला चोराचीच राखण, ते असं.

आता वॉरंटी. नऊच्या नऊ पानं वाचली. दोनदा वाचली. तू म्हणशील, एवढं काय वाचायचं त्यात. पण मला जुनं घर परत बघितल्यासारखं झालं. आमचीच कंपनी, दुसऱ्यांनी विकत घेतली म्हणून नाव बदललंय, वरची चित्रं बदललीत, पहिल्या पानावर एक बाई उगाचच गाडीला टेकून हसतेय, पण आतल्या भिंती त्याच. तिसऱ्या पानावर जे जे भाग त्यात धरलेत ते वाच. सगळे असे भाग, जे सहसा बिघडत नाहीत. मग पाचव्या पानावर जे धरलेले नाहीत ते वाच. रबर, सील, पट्टे, क्लच, वायरिंग, 'वापरामुळे होणारी झीज'. अगं, गाडी वापरामुळेच झिजते, नाहीतर काय नजर लागून झिजते? म्हणजे गाडी बिघडण्याची जेवढी कारणं देवाने निर्माण केली, तेवढी या लोकांनी पाचव्या पानावर नेऊन टाकलीत. उरलेल्या कारणांसाठी तू पैसे भरायचे.

मी 'या लोकांनी' म्हणतोय खरा, पण त्या लोकांत मी एकतीस वर्षं होतो. तुला माहीतच आहे. शाळेत वडिलांचा व्यवसाय काय असं विचारलं तर तू 'गाड्यांचे डॉक्टर' असं लिहायचीस. पहिली एकोणीस वर्षं ते थोडंफार खरंही होतं. गावोगावच्या वर्कशॉपमध्ये जायचो, उघडून ठेवलेल्या इंजिनात हात घालायचो, तेल बोटांत चोळून वास घ्यायचो. बिघाड खरा की कुणी मुद्दाम केलेला, ते मालकाच्या तोंडाकडे बघूनही कळायचं. मी पुष्कळ क्लेम मंजूर केलेत, भिंगरी. हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून मीच सांगतो. देखभालीला शेकडो किलोमीटर उशीर झालेला असला तरी, बिघाडाशी त्याचा संबंध नसेल तर आम्ही सोडून द्यायचो. पाचशेपर्यंत समजून घ्यायची पद्धतच होती. कागदावर कुठे नव्हती, पण सगळे पाळायचे.

मग एकदा मी एका टेम्पोवाल्याचा क्लेम मंजूर केला. म्हातारा माणूस होता, वर्कशॉपच्या दारात येऊन नुसता टोपी हातात घेऊन उभा राहिला. तो क्लेम नियमात बसत नव्हता. मी बसवला. वरून मेमो आला, दोन वर्षं बढती अडली, तुझ्या आईने त्या वर्षी मला काय काय ऐकवलं ते तुझ्या कानावर असेलच. पुढे मला फिरतीवरून काढून मुख्य ऑफिसात टेबलावर बसवलं. तिथे गाडी नाही, तेल नाही, वास नाही. नुसत्या फाईली. दिवसाला चाळीस, कधी पन्नास. आमचे मोठे साहेब पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी मला सहा इंचांची स्टीलची पट्टी दिली. म्हणाले, ही फाईलच्या वरच्या ओळीवर ठेवायची. वरच्या ओळीत मालकाचं नाव, गाव आणि गाडीचा नंबर असतो. नाव वाचलं की माणूस दिसतो, माणूस दिसला की हात अडतो, आणि हात अडला की टोपी घेऊन उभा राहिलेला म्हातारा आठवतो. खालचं वाचायचं. किलोमीटर, तारीख, कोणता भाग. बाकी सगळं पट्टीखाली.

मला ते फार पटलं. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. लोक डोळ्यांवर कातडं ओढून घेतात, मला तेवढेही कष्ट नव्हते, पट्टी आयतीच मिळाली होती. संध्याकाळी घरी आलो की मन हलकं असायचं. तुला आठवतं, त्या दिवसांत मी फार छान वागायला लागलो होतो? आईला म्हणायचीस, बाबा हल्ली चिडत नाही. कशाला चिडेन? बारा वर्षांत मी एकाही माणसाला नाही म्हटलं नाही. मी फक्त किलोमीटरना नाही म्हणत होतो.

तुझी पहिली गाडी या बारा वर्षांतली. राखाडी रंगाची, तीही सेकंडहँड. तू नुकतं घरोघरी जाऊन फिजिओचं काम सुरू केलं होतंस. डिकीत घडीचं टेबल, रबरी पट्टे, ते शेक द्यायचं यंत्र, आणि डोक्यात वारं. हॉस्पिटलात दर पंधरा मिनिटांनी घंटा वाजवून पेशंट बदलतात ते मला जमणार नाही, म्हणालीस. मी म्हटलं, कर. आणि विकणाऱ्याने वाढीव वॉरंटीचा कागद पुढे केला तेव्हा तू मला तिथूनच फोन केलास. घ्यावी का रे, बाबा? तेव्हा 'रे' होता. मी एका क्षणाचाही विचार न करता म्हणालो, डोळे मिटून घे. आमचीच कंपनी आहे. मी बसलोय ना इथे.

अकरा महिन्यांनी गिअरबॉक्स गेला. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वर्कशॉपवाल्याने तुझ्या हातात पत्र ठेवलं. क्लेम नामंजूर, कारण गिअरबॉक्सचं तेल बदलायला तीनशे चाळीस किलोमीटर उशीर. खाली माझी सही. तू वर्कशॉपच्या दारातूनच फोन केलास, मागे कुठेतरी हातोडीचा आवाज येत होता. म्हणालीस, बाबा, सही तुझी आहे. मी म्हणालो, हो. तू म्हणालीस, माझ्या क्लेमवर? आणि मी म्हणालो, नियम म्हणजे नियम, मुलगी असली तरी. तू विचारलंस, अपील करू का. मी म्हणालो, काही उपयोग नाही. मग तू म्हणालीस, ठीक आहे, तुमचं बरोबर आहे. त्या फोनमध्येच 'तू'चा 'तुम्ही' झाला, पाच मिनिटांत.

ते तीनशे चाळीस किलोमीटर कुठून आले, ते मला नंतर तुझ्या आईकडून कळलं. त्या मास्तरीणबाई, पॅरालिसिसने उजवा हात गेलेल्या. आठवड्यातून दोनदा जायचीस, पण त्यांची बोटं हलायला लागली तशी रोज जायला लागलीस, एका बाजूला पंचवीस किलोमीटर. त्यांनी पेन धरलं त्या दिवशी तू आईला फोन करून रडलीस म्हणे. माझ्यापुढच्या कागदावर यातलं काही नव्हतं. असेल कसं? 'विलंब : ३४० कि.मी.' एवढंच होतं. गाडी बंद पडल्यावर अडीच महिने तू बसने जायची धडपड केलीस, एका दिवशी एकच पेशंट, ते टेबल खांद्यावर घेऊन. मग ते सुटलं. गाडी भंगाराच्या भावात गेली. मास्तरीणबाईंची बोटं पुन्हा आखडली, हेही आईनेच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे न बघता सांगितलं. तू हॉस्पिटलच्या तळघरात नोकरी धरलीस, घंटा वाजते तिथे. आज सहा वर्षांनी पुन्हा गाडी घेतेस, म्हणजे घंटेतून सुटायचा विचार दिसतो. तू तसं लिहिलं नाहीस, पण डिकी मोठी आहे एवढं मात्र आवर्जून लिहिलंस.

आता माझी मजा ऐक. तुझा क्लेम नामंजूर केल्याचं ऑफिसात कळलं. खरं तर आमच्याकडे सक्त नियम होता, नातेवाइकाची फाईल आली तर हात न लावता दुसऱ्याच्या टेबलावर द्यायची. तो मी मोडला होता. मंजूर केली असती तर चौकशी लागली असती, पेन्शनचे वांधे झाले असते. पण नामंजूर केली होती ना! मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. पोटच्या पोरीलाही सोडलं नाही, म्हणाले. नव्या माणसांना माझी गोष्ट सांगायला लागले. तीन वर्षांनी मी निवृत्त झालो त्या दिवशीच्या भाषणातही हीच गोष्ट, आणि भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ. तू त्या समारंभाला आली नव्हतीस. आई आली होती. टाळ्या वाजत होत्या तेव्हा ती मांडीवरच्या पर्सचा बंद सोडत होती आणि बांधत होती. ते घड्याळ तिने घरात लावू दिलेलं नाही. माळ्यावर आहे, खोक्यातच.

आईला तेव्हापासून एक खोड लागली आहे, तुझ्या कधी लक्षात आली का कोण जाणे. घरात कुठलाही कागद आला, विजेचं बिल असो, लग्नाची पत्रिका असो, की ती तो माझ्या हातात द्यायच्या आधी वरचं नाव मोठ्याने वाचते. पूर्ण नाव, खणखणीत. मग म्हणते, घ्या, नाव वाचलंय मी, आता खालचं वाचा. पाहुण्यांसमोरसुद्धा. लोकांना वाटतं माझी नजर अधू झालीय. मी हसतो. दुसरं काय करू? सहा वर्षं एकही कागद तिने न वाचता माझ्या हातात दिलेला नाही.

तर वॉरंटी घेऊ नकोस. हे स्पष्ट लिहितो, नाहीतर म्हणशील बाबांनी पानं भरली आणि उत्तर दिलंच नाही. तू पाठवलेल्या आठव्या पानावर कलम चौदा आहे, बारीक अक्षरात. 'देखभालीत झालेल्या कोणत्याही विलंबामुळे, त्याचा बिघाडाशी संबंध असो वा नसो, दावा अग्राह्य ठरेल.' यातले 'त्याचा बिघाडाशी संबंध असो वा नसो' हे शब्द माझे आहेत. मीच सुचवले होते, तू राखाडी गाडी घेतलीस त्याच्या आदल्या वर्षी. त्या पाचशे किलोमीटरच्या समजुतीवरून वाद व्हायचे, टेबलावर वेळ जायचा, म्हणून मी म्हटलं की ही पळवाटच बुजवून टाकू. साहेब खूश झाले. नव्या कंपनीने बाकी सगळं बदललं, हे वाक्य मात्र जसंच्या तसं उचललं. काल ते वाचताना मला वाटलं, दुसरं काही नाही तरी हे एक वाक्य माझ्यामागे टिकणार बघ. आपणच खणलेल्या खड्ड्यात माणूस पडतो असं म्हणतात. मी तर काठावरच उभा आहे, खाली तू पडलीस.

आणि दुसरं कारण. निवृत्तीच्या महिनाभर आधी माझी जागा घ्यायला एक बाई आल्या. चाळिशीच्या, हुशार, फाईल उघडली की आधी वरचं नाव वाचायच्या आणि उसासा टाकायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांचं डोकं दुखायला लागलं. मी ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि त्यांना दिली. कशी ठेवायची तेही दाखवलं. त्यांनी माझे आभार मानले. त्या अजून तिथेच आहेत, मी चौकशी केली. उद्या तुझी पांढरी गाडी कुठे बंद पडली, तर तुझी फाईल त्याच टेबलावर जाईल आणि तुझं नाव त्याच पट्टीखाली जाईल. वॉरंटीचे पैसे बाजूला ठेव, तेलाला वापर, आणि त्या तिरसट मेकॅनिकला धरून राहा. तो भांडतो, पण भांडताना तोंडाकडे बघतो.

आता ते वाक्य. निरोपाच्या शेवटी तू लिहिलं आहेस, 'तुम्ही स्वतःच्या मुलीलाही सूट दिली नव्हती, म्हणजे मला निदान खोटं तरी सांगणार नाही.' काल दुपारपासून मी ते किती वेळा वाचलं असेल! मनात म्हटलं, सहा वर्षं पोर माझ्यावर रागावलीय, पण कुठेतरी मला मानते. कठोर आहे पण सरळ आहे, असं तिला वाटतं. तेवढं एक शिल्लक आहे आमच्यात. गप्प बसलो तर तेवढं राहील. तुझ्या आईला निरोप वाचून दाखवला, तर तिने सुई पडद्यात टोचली आणि म्हणाली, आता तरी सांगा, नाहीतर मी सांगते. तर ऐक. मी तुला सूट दिली नाही हे खरं नाही. द्यायची की नाही हा प्रश्नच माझ्यापुढे आला नाही, कारण फाईल तुझी आहे हे मला माहीतच नव्हतं. गाडी बंद पडल्याचं आईने मला सांगितलं होतं. मी तुझ्या फाईलची वाट बघत होतो, भिंगरी. ती आली की शेजारच्या टेबलावर द्यायची आणि कानात सांगायचं, जरा समजून घे, पोरीची आहे, असं मी ठरवून ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात येईल असा हिशोब होता. ती मंगळवारीच आली, त्रेचाळीस फाईलींत, दुपारच्या चहाच्या आधी, आणि वरच्या ओळीवर पट्टी होती. तू फोनवर म्हणालीस 'माझ्या क्लेमवर?' तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. एका क्षणात ठरवायचं होतं. नाव वाचलंच नाही असं कबूल केलं असतं तर तुझी फाईल पुन्हा उघडली असती, पण मग बाकीच्या हजारो कशा उघडल्या नसत्या? बेफिकीर ठरण्यापेक्षा तत्त्वाचा माणूस ठरणं सोपं होतं. म्हणून मी 'नियम' म्हणालो, तू विश्वास ठेवलास, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईला त्याच संध्याकाळी खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, आत्ता फोन करा. मी म्हणालो, उद्या करतो. तो उद्या आज उजाडलाय. तू ज्याच्यावर रागावली होतीस तो कडक बाप कधी नव्हताच, आणि ज्याच्या शब्दावर आज गाडी घ्यायला निघाली आहेस तोही नाही. होता तो एक घाबरट माणूस, स्वतःच्या पोरीचं नाव पट्टीने झाकून सही करणारा. माझ्यावर विश्वास ठेवायला आता तुझ्याकडे काही उरलं नाही, हे मला कळतं. तरी बॉनेटवर हात ठेवायला विसरू नकोस, ते खरं आहे. हे पत्र आता तुझ्या टेबलावर आलंय. आमच्या अपिलासारखी पंधरा दिवसांची मुदत वगैरे काही नाही. नामंजूर करायचं असेल तर खुशाल कर, माझी तक्रार नाही. फक्त खालचं नाव वाच, आणि मग कर.

अजूनही तुझाच,
बाबा